सुटे ट्रेस आणि "राहू दे" म्हणणारा ग्राहक

वीजबिलाविषयीच्या शंकांना उत्तरे देणारा एखादा चॅटबॉट घ्या. ग्राहक विचारतो, "या महिन्याचं बिल एवढं कसं आलं?" चॅटबॉट त्याला स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी बिलाची फोड करून दाखवतो. ग्राहक पुढे विचारतो, "आणि मागच्या महिन्याचं?" त्यावर चॅटबॉट मागच्या महिन्याचे बिल डाउनलोड कसे करायचे, ते सांगतो. ग्राहक लिहितो, "तसं नाही, रीडिंग चुकलंय का ते विचारतोय." चॅटबॉट मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः कसे पाठवायचे, याची माहिती देतो. ग्राहक लिहितो, "राहू दे." चॅटबॉट उत्तरतो, "धन्यवाद! आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

देखरेखीच्या प्रणालीत या संवादाचे चार ट्रेस (ट्रेस म्हणजे एका संदेशावर प्रणालीने काय काय केले याची नोंद) साठवले जातात आणि सुटे सुटे पाहिले तर चारही निर्दोष दिसतात. कुठे एरर नाही, टाइमआउट नाही, प्रत्येक उत्तर वेळेत गेलेले आहे. उत्तरांची तपासणी दुसऱ्या एखाद्या मॉडेलकडून करून घेण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे, त्या परीक्षक मॉडेलपुढे "आणि मागच्या महिन्याचं?" हा प्रश्न आणि बिल डाउनलोड करण्याची पद्धत सांगणारे उत्तर एवढेच ठेवले, तर त्याला ते उत्तर बऱ्यापैकी प्रस्तुत वाटेल, कारण प्रश्नच इतका तुटक आहे की कोणतेही उत्तर त्याला थोडेफार लागू पडते. शेवटच्या ट्रेसला तर सौजन्याचे पूर्ण गुण मिळतील. हे चार ट्रेस एकाखाली एक लावून वाचले, की मग लक्षात येते की ग्राहकाला पहिल्या वाक्यापासून एकच गोष्ट हवी होती, ती त्याला मिळाली नाही आणि तो कंटाळून निघून गेला. "राहू दे" मधला वैताग मागचे तीन प्रश्न वाचल्याशिवाय माणसालाही जाणवणार नाही, मग परीक्षक मॉडेलला कुठून जाणवावा?

परस्परसंबंधित ट्रेस सेशनमध्ये, म्हणजे एका संभाषणाच्या गठ्ठ्यात, बांधावेत, हे एलएलएमवरील (चॅटबॉटमागच्या मोठ्या भाषा-मॉडेलवरील) देखरेखीच्या बहुतेक साधनांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, आणि कोडच्या दृष्टीने ते काम दोन-चार ओळींचेच आहे. सेशन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मात्र कोणतेही साधन ठरवून देत नाही. ते ॲप्लिकेशन बांधणाऱ्यांनी आपल्या ग्राहकाच्या कामाकडे पाहून ठरवायचे असते आणि माझ्या अनुभवात या विषयातले खरे कष्ट तिथेच आहेत.

ट्रेस ही कल्पना एलएलएमच्या बरीच आधीची आहे. गूगलने २०१० मध्ये डॅपर या ट्रेस नोंदणाऱ्या आपल्या अंतर्गत प्रणालीविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन ट्विटरमध्ये झिपकिन आणि पुढे उबरमध्ये येगर ही तशीच साधने तयार झाली, आणि २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग व ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री हा अशा नोंदींचा सामायिक, खुला प्रकल्प उभा राहिला. या सर्वांची रचना एका विनंतीभोवती आहे. विनंती आली, ती पाच-दहा सेवांमधून फिरली, उत्तर गेले आणि ट्रेस संपला. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या ट्रेस कॉन्टेक्स्ट मानकाप्रमाणे १६ बाइटांचा एक ट्रेस आयडी त्या विनंतीबरोबर सगळीकडे फिरतो आणि प्रत्येक टप्प्याचा स्पॅन, म्हणजे त्या टप्प्याची वेगळी नोंद, त्या आयडीखाली नोंदला जातो. पैसे भरण्याच्या पानासाठी एवढे पुरेसे असते, कारण पैसे भरले गेले की नाही याचा निकाल त्या एका विनंतीतच लागतो. संभाषणात निकाल शेवटच्या विनंतीपर्यंत लांबतो, आणि कधीकधी त्यानंतरही लागत नाही.

इथे जाणकार वाचक एक रास्त आक्षेप घेईल. मॉडेलला स्वतःची स्मृती नसते. प्रत्येक वेळी आधीचा सगळा संवाद त्याला पुन्हा पाठवावा लागतो. म्हणजे चौथ्या ट्रेसच्या इनपुटमध्ये आधीचे तिन्ही प्रश्न आणि उत्तरे असणारच. मग शेवटचा ट्रेस उघडला की काम भागते, सेशन कशाला हवे? संवाद छोटा असेल तर हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु संवाद लांबला की बहुतेक ॲप्लिकेशन शेवटचे काही संदेशच ठेवतात किंवा जुन्या संदेशांचा सारांश करून पाठवतात, त्यामुळे शेवटच्या ट्रेसमध्ये दिसतो तो मूळ संवाद नसतो. शिवाय त्या इनपुटमध्ये फक्त बोलणे असते. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी माहितीसाठ्यातून कोणते उतारे शोधून आणले, शोधासाठी नेमका कोणता मजकूर वापरला, मीटरची नोंद आणणारे टूल चालले की रिकाम्या हाताने परतले, मध्येच प्रॉम्प्टची (मॉडेलला दिलेल्या सूचनांची) नवी आवृत्ती लागू झाली का, यांतले काहीही त्यात नसते. वरच्या उदाहरणातली चूक बहुधा दुसऱ्या ट्रेसच्या शोधाच्या स्पॅनमध्ये सापडेल: "आणि मागच्या महिन्याचं?" हा मजकूर पूर्ण प्रश्नात न बदलता जसाच्या तसा शोधायला दिला गेला असेल, आणि "मागचा महिना" या शब्दांशी सर्वांत जुळणारा उतारा जुनी बिले डाउनलोड करण्याविषयीचा निघाला असेल. लक्षण चौथ्या ट्रेसमध्ये आणि कारण दुसऱ्यात, ही या क्षेत्रातली नित्याची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष जुळणी अगदी साधी असते. एका संभाषणातल्या प्रत्येक ट्रेसवर एकच अक्षरमाला, म्हणजे सेशनचा आयडी, लिहायची. ती समान असलेले सगळे ट्रेस साधन एकत्र दाखवते. लँगफ्यूज हे देखरेखीचे साधन याला सेशन म्हणते. लँगस्मिथ हे दुसरे साधन थ्रेड म्हणते, आणि मेटाडेटामध्ये (ट्रेससोबतच्या जादा माहितीत) सेशन, थ्रेड किंवा कॉन्व्हर्सेशन यांपैकी कोणत्याही नावाने दिलेला आयडी त्याला चालतो. अराइझ फिनिक्स हे साधन सेशन आयडी हा गुणधर्म स्पॅनवर शोधते, तर ओपनटेलिमेट्रीच्या जनरेटिव्ह एआयविषयक संकेतांमध्ये त्याच कामासाठी कॉन्व्हर्सेशन आयडी ठेवलेला आहे. नावे कोणतीही असोत, दोन गोष्टी सांभाळाव्यात. हा आयडी फक्त मुख्य स्पॅनवर न लिहिता आतल्या प्रत्येक स्पॅनवर लिहावा, कारण टोकन (मॉडेल मजकूर ज्या लहान तुकड्यांत मोजते ते) आणि खर्चाची नोंद आतल्या मॉडेल-कॉलच्या स्पॅनवर होते आणि सेशननिहाय बेरीज करताना आयडी नसलेले स्पॅन गळण्याची शक्यता असते. दुसरे असे, की आयडी निरर्थक असावा. लँगफ्यूजला तो २०० अक्षरांच्या आतला आणि केवळ ॲस्की अक्षरांचा (इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांचा) लागतो, त्यामुळे ग्राहकाचे देवनागरी नाव आणि तारीख जोडून वाचायला सोयीचा आयडी करण्याचा मोह तिथेच अडतो, हे एका अर्थी बरेच झाले. ३६ अक्षरांचा यूयूआयडी (संगणकाने तयार केलेला एकमेव आयडी) घ्यावा आणि नाव, विषय, भाषा हे सगळे टॅगमध्ये ठेवावे.

आता सीमेचा प्रश्न. वेबपानावरच्या चॅटमध्ये "नवे संभाषण" असे बटण असते; ते दाबले की नवा आयडी, इतके ते सोपे आहे. आपल्याकडे मात्र असे कितीतरी चॅटबॉट व्हॉट्सॲपवर चालतात आणि तिथे असे बटणच नाही. एका नंबराशी एकच न संपणारी खिडकी असते. मग सोपे म्हणून फोन नंबरलाच सेशन आयडी करणारे मी पाहिले आहेत. पहिले काही आठवडे ते छान चालते. वर्षभराने त्याच सेशनमध्ये वाढीव बिलाची शंका, नव्या जोडणीची चौकशी, नाव बदलण्याचा अर्ज आणि दिवाळीच्या शुभेच्छा असे सगळे एकत्र साचते. ते वाचायला कोणी बसत नाही आणि "प्रत्येक सेशनमागे सरासरी किती संदेश" या आकड्याला काही अर्थ उरत नाही. दवाखान्यात एका आजारपणाचा एक केसपेपर असतो म्हणून डॉक्टरांना तो वाचता येतो. जन्मापासूनची सगळी कागदपत्रे एकाच फायलीत कोंबली असती, तर तपासणीच्या वेळी ती कोणी उघडली नसती.

दुसरा मार्ग शांततेचा: ग्राहक ठरावीक वेळ गप्प राहिला की सेशन संपले असे मानायचे. वेबविश्लेषणात ही पद्धत जुनी आहे आणि गूगल ॲनालिटिक्समध्ये ही मुदत मुळात ३० मिनिटांची असते. ती तशीच उचलून संभाषणाला लावणे मला पटत नाही. वेबपान चाळणारा माणूस अर्धा तास गप्प राहिला तर तो गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. व्हॉट्सॲपवरच्या ग्राहकाला मात्र तुम्ही मीटरचे रीडिंग विचारलेले असते आणि तो संध्याकाळी घरी पोहोचल्यावरच ते देऊ शकतो. अर्ध्या तासाच्या नियमाने त्याचे एकच काम दोन सेशनमध्ये तुटते: पहिले अर्धवट सोडलेले दिसते आणि दुसरे एका आकड्याने सुरू होणारे, ज्याचा मागचापुढचा संदर्भ लागत नाही. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मुक्तपणे उत्तर देण्याची सवलत असते, म्हणून काही जण तीच मर्यादा सेशनलाही लावतात. ती हाताशी आहे, सर्वांना ठाऊक आहे आणि अर्ध्या तासापेक्षा निश्चितच बरी आहे. फक्त ती त्या सेवेच्या धोरणासाठी आखलेली आहे. एका तासात दोन वेगळी कामे उरकणाऱ्या ग्राहकाला ती एकाच सेशनमध्ये बसवते.

तिसरा मार्ग सर्वांत आकर्षक दिसतो: विषय बदलला की नाही हे मॉडेललाच विचारावे आणि त्याने होकार दिला की नवे सेशन सुरू करावे. यात मॉडेलच्या चुका थेट देखरेखीच्या पायात शिरतात. ज्या प्रणालीचे मोजमाप करायचे, तिच्याचसारख्या प्रणालीने फूटपट्टी कुठून धरायची तेही ठरवायचे, हे मला धोक्याचे वाटते. त्यातून एकदा नोंदलेल्या ट्रेसचा सेशन आयडी मागाहून बदलणे हे किचकट काम असते. म्हणून आयडीसाठी वेळेचा ठाम नियम ठेवावा, जो कोणत्याही दिवशी तपासला तरी तेच उत्तर देईल, आणि विषयाची विभागणी नंतर टॅग लावून करावी, कारण टॅग चुकला तर तो पुसता येतो. वेळेचा आकडा किती असावा, हे ग्राहकांच्या दोन संदेशांमधील अंतरांचा आलेख काढून ठरवावे. त्यात बहुधा एक टेकडी मिनिटांची आणि एक दिवसांची दिसते, आणि त्यांच्यामधली दरी ही आपली मर्यादा असते. ओपनटेलिमेट्रीच्या संकेतांमध्ये आधीच्या सेशनचा आयडी नोंदण्यासाठीही जागा आहे. ती वापरली तर तुटलेले धागे निदान मागे शोधत जाता येते. आणि ग्राहकाच्या कामाला तक्रार क्रमांक मिळत असेल, तर तो प्रत्येक संबंधित सेशनवर टॅग म्हणून लिहावाच, कारण चार दिवसांनी त्याच तक्रारीसाठी परत आलेला ग्राहक कोणत्याही वेळेच्या नियमात पकडला जात नाही.

वापरकर्त्याचा आयडी हा सेशन आयडीहून वेगळा ठेवावा, हे वेगळे सांगायला नको. घरात एकाच फोनवरून वडील, मुलगा आणि शेजारच्या काकू असे तिघेही चौकशी करत असतात, ही आपल्याकडची वस्तुस्थिती मात्र वापरकर्त्यांची संख्या मोजताना ध्यानात ठेवलेली बरी.

काही जण विचारतात की अख्ख्या संभाषणाचा एकच लांब ट्रेस का करू नये. मुख्य स्पॅन उघडा ठेवायचा आणि ग्राहकाचा प्रत्येक संदेश त्याच्याखाली नोंदायचा. दिसायला हे नीटनेटके असले तरी स्पॅन साधारणपणे संपल्यावरच पुढे पाठवला जातो, आणि संभाषण संपल्याचे ग्राहक कधीच कळवत नाही. तेवढ्यात सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर मुख्य स्पॅन हरवतो आणि खालचे सगळे निराधार होतात. संपूर्ण ट्रेस पाहून मग तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवणारा ओपनटेलिमेट्री कलेक्टरचा टेल सॅम्पलिंग प्रोसेसर मुळात ३० सेकंदच वाट पाहतो. तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या ट्रेसची त्याच्या हिशेबात सोयच नाही. एक संदेश म्हणजे एक ट्रेस आणि त्यांवर सेशन, हीच मांडणी टिकते.

आयडी सर्वत्र पोहोचवताना तो नेमका जिथे गळतो, त्या जागा ठरलेल्या आहेत. पायथनमध्ये असिंकआयओच्या कामांना संदर्भ (चालू सेशनचा आयडी वगैरे) आपोआप मिळतो, पण थ्रेडपूलमध्ये, म्हणजे वेगळ्या धाग्यांवर चालणाऱ्या कामगटात, टाकलेल्या कामाला तो मिळत नाही, आणि रांगेतून दुसऱ्या प्रक्रियेकडे गेलेल्या कामाला तर संदेशाबरोबर आयडी बांधून द्यावाच लागतो. ओपनटेलिमेट्रीची बॅगेज ही सोय यासाठीच आहे. मात्र बॅगेजमध्ये ठेवलेली गोष्ट स्पॅनवर आपोआप उमटत नाही, त्यासाठी वेगळा प्रोसेसर जोडावा लागतो. उलट ती एचटीटीपी हेडरमधून बाहेरच्या कंपन्यांच्या सेवांपर्यंत आपोआप जाऊ शकते, म्हणून तिच्यात निरर्थक आयडीपलीकडे काही ठेवू नये.

सॅम्पलिंगचा घोटाळा याहून फसवा आहे. खर्च वाचवण्यासाठी १० टक्केच ट्रेस ठेवायचे ठरवले आणि ओपनटेलिमेट्रीचा नेहमीचा प्रमाणाधारित सॅम्पलर लावला, तर तो प्रत्येक ट्रेस आयडीवरून स्वतंत्र निर्णय घेतो. चार संदेशांचे आपले सेशन पूर्ण राहण्याची शक्यता मग दहा हजारांत एक एवढीच उरते. पडद्यावर सेशन दिसतात, त्यांत एकेकच ट्रेस असतो, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की लोक एक प्रश्न विचारून निघून जातात. यावर उपाय असा की निर्णय सेशन आयडीच्या हॅशवरून (आयडीवरून गणिताने काढलेल्या ठरावीक संख्येवरून) घ्यावा, म्हणजे सेशन राहील तर पूर्ण राहील आणि जाईल तर पूर्ण जाईल.

सेशन नीट बांधले की खर्चाचे खरे स्वरूप समोर येते. समजा प्रत्येक फेरीत इनपुटमध्ये ५०० टोकनांची भर पडते आणि प्रत्येक फेरीला तोवरचा सगळा संवाद पाठवला जातो. दहाव्या फेरीचे इनपुट ५,००० टोकनांचे होते, पण दहा फेऱ्यांची इनपुटची बेरीज २७,५०० भरते. एकेका ट्रेसची सरासरी पाहणाऱ्याला ही वाढ दिसत नाही. लांब सेशन थोडी असली तरी बिलाचा मोठा वाटा तीच उचलतात. आधी पाठवलेला मजकूर साठवून ठेवणाऱ्या प्रॉम्प्ट कॅशिंगने त्यातला भार हलका होतो, वाढीचा आकार तोच राहतो. देवनागरी मजकुराला बहुतेक टोकनायझर (मजकुराची टोकने पाडणारे प्रोग्रॅम) इंग्रजीपेक्षा अधिक टोकने लावत असल्यामुळे मराठी चॅटबॉट चालवणाऱ्यांना हा हिशेब लवकर जाणवतो. वेळेच्या बाबतीत सावध राहावे: सेशनच्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंतचा काळ ही प्रणालीची गती नव्हे, कारण त्यात ग्राहकाचा चहाही आला. प्रणालीने घेतलेला वेळ ही ट्रेसच्या कालावधींची बेरीज असते.

मूल्यमापनासाठी सेशनला वेगळे गुण द्यावेत, ट्रेसच्या गुणांची सरासरी काढू नये. आपल्या उदाहरणात चार चांगल्या गुणांची सरासरी चांगलीच येईल. परीक्षक मॉडेलला संपूर्ण संवाद देऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: ग्राहकाला काय हवे होते, आणि ते त्याला मिळाले का. उत्तर आधी वाक्यात घ्यावे आणि मग "होय" किंवा "नाही" अशा एका शब्दात. हे मूल्यमापन केव्हा चालवायचे, हा प्रश्न पुन्हा सीमेपाशी येऊन ठेपतो. ज्या वेळेच्या नियमाने सेशन संपले असे मानायचे, ती वेळ उलटल्यावरच ते चालवावे, नाहीतर अर्ध्या संवादावर निकाल दिला जातो.

शेवटी माहितीच्या सांभाळाविषयी. सुट्या ट्रेसमध्ये विखुरलेले नाव, ग्राहक क्रमांक आणि पत्ता सेशनमध्ये एकाच पडद्यावर एकत्र येतात, त्यामुळे सेशन पाहण्याची परवानगी ट्रेस पाहण्याइतकी सैल असू नये. फोन नंबराचा साधा हॅश करून तो आयडी म्हणून वापरल्याने काहीही लपत नाही: आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६ ते ९ याच अंकांनी सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटींच्या आत, आणि तेवढे हॅश काढून जुळवून पाहणे आजच्या संगणकाला जड नाही. नंबर आणि सेशन आयडी यांची जोडणी स्वतःच्या डेटाबेसमध्येच ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. ती जोडणी आपल्याकडे असेल तर त्या व्यक्तीची सेशन शोधून त्यांतले सगळे ट्रेस काढता येतात. जुनी माहिती आपोआप पुसण्याचा नियम लावताना मुदत ट्रेसच्या तारखेपासून मोजली, तर लांब चाललेल्या सेशनचे पहिले संदेश आधी जातात आणि उरतो तो प्रश्न नसलेला उत्तरार्ध. ती मुदत सेशनमधल्या शेवटच्या संदेशापासून मोजावी आणि सेशन एकदमच काढावे.